वजनकाट्याला शेजार झोक्याचा

मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानातला नव्हे हं! माझ्यात कांदे-बटाटे कधी पडले नाहीत. मला वर एक कडी आहे, खाली एक आकडा आहे आणि मधल्या गोल तबकडीवर एक सुई फिरते. आकड्याला कापडाची झोळी अडकवायची, झोळीच्या दोन भोकांतून पोराचे दोन पाय खाली सोडायचे आणि पोराला क्षणभर लोंबकळत ठेवायचं. सुई थांबली की वजन कळलं. मित्रांनो, लहानपणी तुम्हीही माझ्यासारख्याच कुणाच्या तरी झोळीत बसला असाल आणि गळा काढून रडला असाल. लाजू नका. सगळीच पोरं रडतात. मला त्याचं वाईट वाटतं का, असं विचाराल, तर हो, वाटतं. चांगलंच वाटतं. आणि जी रडत नाहीत, हसतात, ती दुसऱ्याच कुणाकडे बघून हसतात, याचं तर फारच वाटतं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पत्र्याचं छप्पर, तेलाचा वास आणि दिवसभर घरघर. एका चष्मेवाल्या काकांनी माझी स्प्रिंग बसवली. ते कामात अगदी चोख होते. माझ्या आकड्याला वजनं लावून बघायचे, सुई केसभर जरी चुकली तरी मला पुन्हा उघडायचे. शेवटी एकदा समाधानानं मान हलवून ते शेजारच्याला म्हणाले, "हा जाईल तिथे खरं सांगेल बघ." मला तेव्हा केवढं भरून आलं! पण लगेच त्यांनी पुढचा काटा हातात घेतला आणि त्यालाही तेच म्हणाले. त्या दिवशी मला मत्सर म्हणजे काय ते कळलं, आणि तेव्हापासून त्यानं माझी पाठ सोडलेली नाही.

पहिली नोकरी मला एका प्रसूतिगृहात लागली. खिडकीजवळ, उन्हाच्या कडेला माझी जागा होती. नुकती जन्मलेली बाळं माझ्या झोळीत यायची. सुई पुढे सरकली की आईचा चेहरा उजळायचा, आजी कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढायची, बाप उगाचच डॉक्टरांशी हस्तांदोलन करायचा. माझी तबकडी रोज पुसली जायची. सगळं छान होतं, फक्त एक खुळखुळा सोडून. लाल रंगाचा, प्लास्टिकचा, आत चार मणी. बाळ रडायला लागलं की सिस्टर तो वाजवायच्या आणि बाळ माझ्या झोळीत बसून त्याच्याकडे टकमक बघायचं. वजन मी करायचो, आणि कौतुकाची नजर त्याला! चार मण्यांच्या त्या रिकाम्या डोक्यावर मी किती दात-ओठ खाल्ले असतील, ते माझं मला माहीत.

मग एक चपटा, पांढरा, विजेवर चालणारा काटा आला. त्याच्यावर हिरवे आकडे उजळायचे. त्याला झोळी नको, कडी नको, बाळाला नुसतं आडवं ठेवायचं. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि मला कापडात गुंडाळून कपाटाच्या तळाशी टाकलं. वर जुन्या चादरी. तिथे मी किती काळ पडून होतो, मला सांगता येणार नाही. अंधारात सुईला काही काम नसतं. एक झुरळ अधूनमधून माझ्या तबकडीवरून जायचं, तेवढंच.

आणि एके सकाळी धरणी हादरली.

मित्रांनो, भूकंपाचं वर्णन मी करणार नाही. मी कपाटात होतो, मला फक्त आवाज ऐकू आला, आणि तो आठवावा असा नाही. इमारतीचा एकच कोपरा उभा उरला, त्यात माझं कपाट होतं. वीज गेली. चपट्या काट्यावर भिंत पडली. सिस्टरनी कपाट उचकटून मला बाहेर काढलं, पदरानं माझी तबकडी पुसली आणि म्हणाल्या, "तू आहेस ना रे बाबा, मग झालं." सगळं गाव उघड्यावर आलं होतं आणि मी मात्र मनातून सुखावलो होतो. हे चांगलं दिसत नाही, पण तसं झालं खरं.

लोक बाजाराच्या मैदानावर तंबू ठोकून राहू लागले. मैदानाच्या चारी भिंती कोसळल्या होत्या, पण प्रवेशाची लोखंडी कमान ताठ उभी होती. आत जायला दार उरलं नव्हतं, नुसती कमान. छपराखाली जायला सगळेच घाबरत होते, म्हणून सिस्टरनी दवाखाना त्या कमानीखाली उघड्यावर मांडला. एक टेबल, एक खुर्ची, औषधांची पेटी, आणि कमानीच्या बरोब्बर मध्यभागी मी. छावणीत मोठ्या माणसांना धान्य मिळायचं ते सारखं. पण पोरांना दुधाची भुकटी, खिचडी, औषध किती द्यायचं, हे माझी सुई ठरवायची. आया सकाळपासून रांग लावायच्या. खुद्द मुकादमही माझ्यासमोर आले की आवाज खाली आणून बोलायचे. मुकादम म्हणजे आधी रस्त्याच्या कामावर माणसं लावणारे. आता सगळी छावणी तेच सांभाळत होते. त्यांचा मुलगा भिंतीखाली गेला होता. त्याबद्दल ते बोलत नसत, फक्त कामं सांगत सुटत.

माझा तो तोरा फार टिकला नाही. एका दुपारी एक बाई आली. पायात मळके बूट, खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं आणि काखेत एक फळी. ती कुठल्याशा मदत करणाऱ्या संस्थेतून आली होती. लोकांना वाटलं, तंबू बांधायला आली असेल. तिनं कमानीकडे वर बघितलं, कमानीला लोंबकळून बघितलं, आणि सिस्टरना म्हणाली, "ताई, हा काटा जरा कडेला सरकवाल का? मला मधली जागा हवी होती."

"कशाला?"

"झोका बांधायचाय."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अहो, इथे पोरांच्या पोटात अन्न टिकेना, अंगावर धड कपडे नाहीत, आणि तुम्ही झोका घेऊन आलात?"

"पोटाचं तुम्ही बघताय ना," ती बाई म्हणाली. "मग मी उरलेलं बघते."

आणि मला उचलून कडेला टांगलं! मला, ज्याच्या सुईवर सगळी छावणी चालत होती त्याला. मधल्या मानाच्या जागी काय, तर एक दोर आणि एक फळी. त्यांना ना तबकडी, ना सुई, ना काही सांगायची अक्कल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात सवत आल्यावर बायकांना काय वाटत असेल, ते मला त्या दुपारी पुरतं समजलं.

सकाळी वजनं व्हायची तेव्हा झोका दोरीसकट वर गुंडाळून ठेवत. दुपारी तो खाली सोडत आणि मग जे काही सुरू व्हायचं ते बघून माझा जीव जळायचा. जी पोरं सकाळी माझ्याकडे बघून आईच्या मानेला मिठी मारायची, तीच दुपारी त्या फळीसाठी भांडायची. "माझा नंबर!" "नाही, माझा!" माझ्यासाठी कधी कुणी भांडलं का? माझ्यापुढेही रांग होती, पण तीत पोरांना ओढत आणावं लागायचं. शिवाय झोका हलला की कमान हलायची, कमान हलली की मी हलायचो, आणि माझी सुई रिकामीच थरथरायची. त्याच्या आनंदात मला असा फुकटचा नाच करावा लागायचा.

त्या बाईला पोरं झोकेताई म्हणू लागली. झोकेताईनं एक नियम केला होता. झोक्यावर जो बसेल तो म्हणेल "हल", तेव्हाच ढकलायचं. तो म्हणेल "थांब", की त्याच क्षणी सगळ्यांनी हात लावून झोका थांबवायचा. मग कितीही मजा येत असो, कुणी कितीही मोठा असो. एकदा एका दांडगट पोरानं थांब म्हटल्यावरही मुद्दाम ढकललं, तेव्हा तिनं त्याला बाजूला बसवून सांगितलं, "राजा, जमिनीनं ऐकलं नाही आपलं. झोका ऐकतो. ते मोडायचं नाही."

मला तो नियम तेव्हा खुळचट वाटला होता. पोरं दिवसभर नुसती हल आणि थांब, हल आणि थांब. काही पोरांना तर हलण्यापेक्षा थांबवण्यातच जास्त गंमत यायची. झोका जरा हलला की थांब ओरडायचे, तो थांबला की आजूबाजूला ऐटीत बघायचे.

आता मी तुम्हांला खारूताईबद्दल सांगतो, कारण माझं सगळं दुखणं तिच्यापाशी आहे.

ती असेल चार-पाच वर्षांची. तिचे आजोबा न्हावी होते. आई-बाप भूकंपात गेले आणि या दोघांनाच एकमेकांचा आधार उरला होता. आजोबा कमानीजवळच्या तंबूसमोर एका डब्यावर गिऱ्हाईक बसवून दाढ्या करायचे आणि ती त्यांच्या धोतराचं टोक मुठीत धरून शेजारी उभी राहायची. बोलायची नाही. घास भरवला तर तोंडात घ्यायची, पण गिळायची नाही. गालात तसाच ठेवून द्यायची, तासन्‌तास. म्हणून सिस्टरनी तिचं नाव खारूताई पाडलं. नाव गमतीचं होतं, पण ते घेताना सिस्टर कधी हसल्याचं मला आठवत नाही.

माझ्या झोळीत तिला बसवणं म्हणजे नाकी नऊ. पाय जमिनीवरून सुटले रे सुटले की ती किंचाळायची, असं की दाढी अर्धी टाकून गिऱ्हाईक उठून यायचं. जमीन पायाखालून जाणं तिनं एकदा बघितलं होतं. आजोबा तिचे दोन्ही तळवे हातात धरायचे, "झालं बाळा, झालं, झालं," म्हणत राहायचे आणि सिस्टर घाईघाईनं माझी सुई वाचायच्या. सुई दर वेळी थोडी मागे असायची. शेवटी सिस्टरनी आपल्या नखांना लावायच्या पॉलिशची बाटली आणली आणि माझ्या काचेवर एक लाल ठिपका काढला.

"आजोबा, सुई या ठिपक्याच्या खाली गेली तर मी हिला इथे ठेवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. नळीनं अन्न द्यावं लागेल."

"मी येईन की बरोबर."

"गाडीत जागा फक्त आजारी पोरांना आहे. रस्ता खचलाय, पुन्हा गाडी कधी जाईल कुणास ठाऊक."

आजोबांनी वस्तऱ्याची घडी घातली, उघडली, परत घातली. खारूताईच्या मुठीत त्यांच्या धोतराचं टोक होतं. ती डोंगरापलीकडे एकटी गेली, तर काय गालात धरून बसेल आणि काय गिळेल, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. माझी सुई त्या ठिपक्याच्या अगदी जरासं वर होती.

खरं सांगतो, त्या दिवशी माझी छाती फुगली. एका पोरीचा जीव माझ्या सुईवर टांगला होता. झोक्याकडे असं काही होतं का? तो आपला हल म्हटलं की हलतो, थांब म्हटलं की थांबतो. गडीमाणूस नुसता.

खारूताई त्याच्याही जवळ जात नव्हती, हे मला फार बरं वाटायचं. झोकाही एक हलणारी वस्तूच ना! दुपारी पोरं खेळायची आणि ती दुरून बघायची, गालात घास घेऊन. एक दिवस बघते, दुसऱ्या दिवशी बघते, असं चाललं होतं. झोकेताईनं तिला एकदाही बोलावलं नाही. फक्त एका दुपारी झोका रिकामा असताना ती सगळ्या पोरांना घेऊन पाणी प्यायला गेली आणि जाताना खारूताईला म्हणाली, "जरा लक्ष ठेव गं याच्यावर. उगाच हलायला लागला तर त्याला दम दे."

कमानीपाशी मी, झोका आणि खारूताई, असे तिघंच उरलो. वारा आला. फळी जराशी हलली. खारूताईनं आजोबांचं धोतर सोडलं, दोन पावलं पुढे आली, आणि एवढ्या दिवसांत प्रथमच तिच्या तोंडून शब्द निघाला. "थांब."

वारा पडला म्हणा किंवा काही म्हणा, फळी थांबली. पलीकडे आजोबांचा हात गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच राहिला. "काका, साबण वाळतोय," असं गिऱ्हाईक म्हणालं, तरी आजोबांना ऐकू गेलं नाही. तिनं बोटानं फळी ढकलली. फळी हलली. "थांब!" थांबली. मग जोरात ढकलली आणि जोरात ओरडली. ती थांबेपर्यंत तिला धीर निघेना, म्हणून दोन्ही हातांनी तिनंच ती पकडली.

माझ्या समोर, माझ्या नाकावर टिच्चून, तिनं पहिला शब्द त्याला दिला! मी तिच्यासाठी काय नव्हतं केलं? दर खेपेला तिचं खरं खरं वजन सांगितलं होतं. मला कधी एक अक्षर बोलली नाही.

पुढचं मला बघवलं नाही, पण टांगलेल्याला मान फिरवता येत नाही. आधी तिनं फळीवर आजोबांचा ब्रश बसवला आणि त्याला झोके दिले. मग आजोबांची वाटी. मग एका दुपारी पोटावर आडवी पडून बघितलं, पाय जमिनीला टेकलेलेच. आणि मग एकदा बसली. झोकेताईनं हलकेच ढकललं, तशी ती "थांब" म्हणून किंचाळली, आणि अख्ख्या टोळीनं धावत येऊन झोका जागच्या जागी धरला. कुणी हसलं नाही. खारूताईनं सगळ्यांचे हात बघितले, खाली जमीन बघितली, आणि बारीक आवाजात म्हणाली, "हल."

त्या संध्याकाळी तिनं आजोबांकडे खायला मागितलं. गालात ठेवायला नव्हे, खायला. मला हे कसं कळलं? आजोबा सगळ्या तंबूंपुढे सांगत सुटले म्हणून. पुढच्या वजनाला माझी सुई ठिपक्यापासून वर सरकली. त्यापुढच्या वजनाला आणखी. सिस्टरनी टाळी वाजवली, आजोबांनी डोळे पुसले, आणि मग त्या दोघांनी वळून कुणाकडे बघितलं असेल? वर गुंडाळून ठेवलेल्या त्या दोराकडे! अरे, सुई कुणाची हलली? जाऊ द्या.

माझं गाऱ्हाणं कुणीतरी ऐकलं असावं. कारण त्याच सुमाराला मुकादमांचं डोकं फिरलं.

दुपारी ते कमानीखालून चालले होते. पोरं भूकंप-भूकंप खेळत होती. एकानं विटांचं घर रचलं, झोक्यावरच्या पोरानं "हल!" म्हटलं, त्यानं पायानं ते घर उडवलं, आणि सगळे खिदळत "थांब, थांब!" ओरडले. मुकादम जागेवर थिजले. मग त्यांचा आवाज चढला.

"लाज नाही वाटत? माणसं गाडली गेली तिथं, आणि तुम्हांला खेळ सुचतोय? घराघरात रडारड, आणि इथं हसताय?" ते झोकेताईकडे वळले. "तुम्ही शिकवता हे?"

"मी शिकवत नाही, मुकादम. त्यांचं त्यांनीच काढलंय. जे मोठ्यांना बोलता येत नाही, ते पोरं खेळून—"

"बास. उतरवा तो झोका."

आजोबा मध्ये पडायला आले, पण मुकादमांचा चेहरा बघून मागे सरले. सिस्टर औषधाच्या पेटीचं झाकण लावत राहिल्या. झोकेताईनं वर चढून गाठी सोडल्या. दोर खाली पडला.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. दुसऱ्या दिवशी मला परत मधोमध टांगलं. मधली जागा, सकाळचं ऊन, माझ्यासमोर रांग. दुपारी कमान स्थिर, सुई स्थिर, सगळीकडे शांत. मुकादम येता-जाता बघायचे. पोरं तंबूंपुढे बसून मातीत रेघोट्या मारायची. मैदान इतकं शांत झालं की आजोबांच्या वस्तऱ्याचा आवाज मला ऐकू यायचा. मला हेच तर हवं होतं.

मग खारूताईच्या वजनाची पाळी आली. तिला आणलं. या खेपेला ती किंचाळली नाही. पाय सोडून गप्प बसली, गाल फुगलेला. सिस्टर वाकल्या. आणि माझी सुई मागे यायला लागली.

मित्रांनो, तेव्हा मला काय काय वाटून गेलं! सुई थोपवून धरावी असं वाटलं. एक केसभर वर अडकावी, कुठेतरी गंज असावा, काहीही व्हावं. कारण ती सुई खारूताईविरुद्ध साक्ष देत होती आणि माझ्याही विरुद्ध. जो मला डोळ्यांसमोर नको होता, त्याचीच बाजू माझी तबकडी मांडत होती. पण स्प्रिंगला मन नसतं. सुई ठिपक्यावर येऊन उभी राहिली. जराही पुढे नाही, मागे नाही, बरोब्बर ठिपक्यावर.

सिस्टरनी एकदा बघितलं, काच पुसून पुन्हा बघितलं. मग त्यांनी पुढच्या पोराला घेतलं. तेही उतरलेलं. त्यामागचंही. दूध तेच, खिचडी तीच. सिस्टर रांग तशीच सोडून उठल्या आणि मुकादमांना हाताला धरून घेऊन आल्या. बाईमाणसानं असं भर मैदानात हात धरून ओढत आणलेलं मुकादमांना नवं होतं.

"हे वाचा," खारूताईला पुन्हा झोळीत बसवत त्या म्हणाल्या.

"मला यातलं काय कळतं?"

"आकडे कळतात ना? पोरगी आत बसली आहे. वाचा."

मुकादमांनी वाचलं. मग ठिपका कशाचा आहे ते सिस्टरनी त्यांना सांगितलं.

"अन्नात काही कमी पडलं का?" त्यांनी विचारलं.

"अन्नात नाही."

ते माझ्या तबकडीवर वाकले. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा प्रथमच बघत होतो. दाढी वाढली होती. "माझा पोरगा फार हसायचा, सिस्टर," ते म्हणाले. "कुणाचंही पोर हसलं की मला तो ऐकू येतो. मला सहन होत नाही."

आजोबा पुढे आले. "मुकादम, या बसा डब्यावर. दाढी करून देतो. झोका बांधू द्या त्यांना, तुमचं तोंड आपण दुसरीकडे करू."

आणि तसंच झालं. त्या दुपारी मुकादम कमानीकडे पाठ करून डब्यावर बसले, आजोबांनी त्यांच्या गालांना साबण लावला, आणि झोकेताईनं वर चढून दोर बांधला. मला अर्थातच पुन्हा कडेला! सगळी पोरं आधी चोरट्या नजरेनं मुकादमांच्या पाठीकडे बघत होती. खारूताई बसली. कुणी ढकलेना. तिनंच मग ओरडून सांगितलं, "हल!" पाठ हलली नाही. थोड्या वेळानं पोरं खदखदून हसू लागली. मुकादमांच्या गालावरून साबणातून काहीतरी ओघळत होतं आणि आजोबा वस्तरा बाजूला ठेवून ते टॉवेलनं टिपत होते. ती दाढी संध्याकाळपर्यंत चालली.

गाडी डोंगरापलीकडे गेली ती खारूताईशिवाय. माझी सुई हळूहळू ठिपक्याला मागे टाकून गेली, आणि एके दिवशी सिस्टरनी तो ठिपका नखानं खरवडून काढला. आता सगळं गोड झालं, माझा मत्सर गेला, असं तुम्हांला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखलंच नाही. मी तसाच जळत होतो. उलट जास्त. कारण आता त्याचा मोठेपणा मला माझ्याच तोंडानं कबूल करावा लागत होता, दर वजनाला.

छावणी उठायच्या आधीची गोष्ट. सिस्टर जेवायला गेल्या होत्या आणि माझी झोळी काढून ठेवायला विसरल्या होत्या. खारूताई एक बादली उपडी घालून माझ्यासमोर चढून उभी राहिली. कमरेवर हात, भुवया वर. तिच्यामागे पोरांची रांग, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. पहिल्याची चप्पल. ती तिनं माझ्या झोळीत ठेवली, माझ्या तबकडीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "छान भरलंय हं. उद्या परत आणा." मग एक पातेलं. मग एक भोपळा, तो सगळ्यांनी मिळून उचलला. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण काही बिघडत नव्हतं. ती माझ्याशी खेळत होती! मित्रांनो, एवढ्या आयुष्यात माझ्याशी कुणी खेळलं नव्हतं. रांगेत पोरं भांडत होती. "माझा नंबर!" आणि तो नंबर माझ्यासाठी होता. शेजारी झोका रिकामा लोंबत होता, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला वेडावून दाखवलं.

शेवटी एका मुलानं मांजराचं एक रोडकं पिल्लू आणलं. खारूताईनं त्याला झोळीत बसवलं. ते घाबरून आक्रसलं, नखं कापडात रुतली. तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम सिस्टरसारखा गंभीर झाला.

"नाही भरलं," ती म्हणाली. "याला आधी झोक्यावर न्या. मग दूध द्या. मग परत माझ्याकडे आणा."

आणि सगळी रांग पिल्लाला घेऊन त्याच्याकडे पळाली. माझ्या खेळात, माझ्या समोर, माझ्याच झोळीतून उचलून!

मित्रांनो, आता मी एका आरोग्यकेंद्राच्या भिंतीला टांगलेला असतो. रोज पुसतात, तक्रार नाही. पण कुठेतरी पुन्हा जमीन हादरेल, नदी गावात शिरेल, माणसं घरदार सोडून उघड्यावर येतील, आणि तुम्ही त्यांना मदत पाठवाल. घोंगड्या पाठवा, धान्य पाठवा, औषधं पाठवा, माझ्यासारखा एखादा काटा पाठवा. आणि त्याच गाडीत एक फळी आणि दोर टाका. मला त्याचं नावही घ्यायचं नव्हतं, पण घेतो. फळीच्या कडा घासून गुळगुळीत करा, पोरांच्या मांड्यांना कुसळं लागतात. आणि दोर जुनापाना देऊ नका. दोन माणसांनी लोंबकळून बघा, मगच पाठवा.